दगडी सिंक घेताना: चमक पाहू नका, पाणी टाकून पाहा

घर बांधायला काढले की आपल्या वसाहतीत चर्चा होते ती दर्शनी भिंतीची, लोखंडी गेटची, गेटवरच्या अशोकचक्राची आणि बैठकीत बुद्धमूर्ती कोठे बसवायची याची. स्वयंपाकघराचा विषय शेवटी निघतो. त्यातही भांडी घासण्याची जागा कोणाच्या ध्यानात नसते. गवंडी विचारतो, "सिंक कोणते बसवायचे?" घरचा कर्ता पुरुष घाईत उत्तर देतो, "बसवा कोणतेही." पुढची पंचवीस-तीस वर्षे त्या 'कोणत्याही' सिंकपुढे जिला दिवसातून तीन वेळा उभे राहायचे असते, तिला मात्र कोणी विचारत नाही.

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत फरशीच्या दुकानांतून दगडी सिंक मांडलेले दिसतात. काही काळेभोर, काही राखाडी, काही ठिपक्या-ठिपक्यांचे. घराचे काम काढलेल्या भगिनी आम्हाला विचारतात, हे घ्यावे का? स्टीलपेक्षा चांगले का? कोणता दगड घ्यावा? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर चुकले तर महागात पडते. आमच्या घरी ते पडले आहे. म्हणून हा लेख.

डोणीपासून सिंकपर्यंत

आपल्या आया-आज्यांनी भांडी घासली ती उकिडवे बसून. घराच्या मागे शहाबादी फरशीचा एक तुकडा, शेजारी राखेचे डबडे, हातात काथ्याचा चोथा आणि पाण्याची एक बादली, एवढाच संसार. स्वतःच्या घरची भांडी झाली की पोटासाठी दुसऱ्यांच्या घरची. तेथे भांडी परसदारी बाहेर टाकली जात, आणि आमच्या बायांनी लख्ख घासून दिलेली भांडी वरून पुन्हा पाणी ओतूनच आत नेली जात. गुडघे आणि कंबर या कामात गेली. मनाला जे लागले ते वेगळेच.

दगडाचे पाण्याचे भांडे मराठवाड्याला नवे नाही. गावोगावी विहिरीजवळ दगडी डोणी असत. एका अखंड काळ्या दगडातून पाथरवटाने कोरलेल्या. त्यात गुराढोरांना पाणी मिळे. आपल्या माणसांनी मात्र ओंजळ पुढे करून, कोणी तरी वरून पाणी ओतील म्हणून ताटकळत उभे राहायचे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते या ताटकळण्याचा शेवट करण्यासाठी.

म्हणून स्वतःच्या घरात स्वतःचा नळ आणि त्या नळाखाली आपल्या पसंतीचे सिंक, ही आपल्याकडे निव्वळ हौस नाही. ज्या बाईने आयुष्यभर वाकून दुसऱ्यांचे खरकटे काढले, तिला आपल्या घरात ताठ उभे राहून काम करता यावे, एवढा त्याचा अर्थ आहे. पण अर्थ मोठा म्हणून खरेदी डोळे मिटून करायची नसते. उलट अधिक पारखून करायची असते.

आमची चूक

आम्ही घर बांधले तेव्हा आरशासारखा चकाकणारा काळा दगड पाहून भाळलो. दुकानदार म्हणाला, ग्रॅनाइट आहे. आम्ही ना पावतीवर दगडाचे नाव लिहून घेतले, ना दगडाला हात लावून पाहिला. सिंक अखंड नव्हते. पाच पाट्या जोडून पेटीसारखे केलेले होते. पहिले वर्ष सरण्याच्या आत तळाला पांढुरके डाग दिसू लागले. जेथे लिंबाच्या फोडी पडत, चिंचेचा कोळ सांडे, ताकाचे पातेले उपडे होई, तेथे चमक उडून दगड खरखरीत झाला. मग एका कोपऱ्याचा सांधा सुटला. पाणी बाहेर वाहताना दिसत नव्हते, आतल्या आत झिरपत होते. ओट्याखाली ज्वारीची पत्र्याची कोठी ठेवलेली. ती उघडली तेव्हा तळाची ज्वारी काळी पडून कुजकट वास सुटला होता.

तो दगड ग्रॅनाइट नव्हताच, कडप्पा होता. कडप्पा हा काही वाईट दगड नाही, पण आम्ही त्याला चुकीच्या जागी बसवले. दुकानदाराने खोटे सांगितले हे खरे. पण आमची आजी बाजारात मडके घेताना ते बोटाने वाजवून, पाणी भरून पाहायची. आम्ही चार बुके शिकलो आणि सिंक न तपासता घेतले. कोणी सांगितले म्हणून खरे मानू नका, स्वतः तपासा, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते. आम्ही ते सुत्त विहारात बसून ऐकले आणि दुकानाच्या पायरीवर विसरलो.

आपल्या मुलखातले दगड

सिंक घेण्याआधी चार-पाच दगडांची ओळख करून घ्यावी. ही नावे दुकानात रोज कानावर पडतात.

पहिला आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. मराठवाड्याची बहुतेक भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याची आहे, आणि हा दगड त्याच लाव्ह्याचा. आपली जाती, पाटे-वरवंटे, उखळे, डोणी सगळी याचीच. पाट्यावर पिढ्यान्पिढ्या चिंच, मीठ, मिरची वाटली गेली, पण पाटा त्याने बिघडला नाही. हीच त्याची परीक्षा. मात्र काही पाषाणात बारीक भोके असतात. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ही खूण. अशा दगडाच्या भोकांत खरकटे साचते आणि वास येतो. सिंकसाठी घट्ट, बिनभोकांचाच पाषाण घ्यावा.

दुसरा ग्रॅनाइट. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेले की लाव्ह्याचे थर संपत जातात आणि त्यांच्याखालचा, त्यांच्यापेक्षा कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा दिसू लागतो. पुढे तेलंगणात तर मोठमोठे गोल धोंडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भेटतात. दुकानांतला बराचसा माल तेलंगणा, आंध्र आणि कर्नाटकातून येतो. ग्रॅनाइट कठीण असतो, लिंबू-चिंचेला दाद देत नाही, ओरखडे सहसा पडत नाहीत. 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा शास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट नसून बेसाल्टच्या नात्यातला दुसरा काळा दगड असतो, पण कामाला तोही चांगलाच.

तिसरा कडप्पा. आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागातून येणारा हा काळा दगड आपल्याकडे ओट्याला आणि फडताळाला सर्रास वापरतात. हा चुनखडीच्या जातीचा. स्वस्त, सपाट, कापायला सोपा. पण चुनखडी आणि आंबट यांचे जमत नाही. लिंबू, चिंच, टोमॅटो, ताक, व्हिनेगर यांनी त्याची चमक जाते आणि कालांतराने वरचा थर झिजतो.

चौथी शहाबादी आणि तांडूर फरशी. शहाबाद आज कर्नाटकात, तांडूर तेलंगणात. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होता. मराठवाड्याच्या घराघरांत शहाबादी फरशी दिसते, त्यामागे हे जुने शेजारपणही असेल. ही फरशीसुद्धा चुनखडीचीच. मोरीला, न्हाणीला, अंगणाला उत्तम. सिंकला मात्र कडप्प्याचेच दोष हिलाही लागू आहेत.

संगमरवर पांढरा, देखणा, पण तोही त्याच कुळातला. हळद, चहा, आंबट, सगळ्यांचे डाग धरतो. बैठकीत शोभतो, खरकट्यात नाही.

आणखी एक माल 'ग्रॅनाइट सिंक' याच नावाने विकला जातो. दगडाचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकमध्ये, मिसळून साच्यात ओतलेला. हा नैसर्गिक दगड नव्हे. ठिपके सगळीकडे एकसारखे, कडा साच्यातून निघाल्यासारख्या, वजन दगडाच्या मानाने कमी. त्यातही टिकाऊ माल असतो, पण चुलीवरून उतरवलेली तापलेली कढई सरळ त्यात ठेवली तर डाग पडू शकतो. घ्यायचे तर काय घेतो आहोत हे समजून घ्यावे आणि त्याला अखंड दगडाचे पैसे मोजू नयेत.

दुकानात करायच्या पाच परीक्षा

लिंबू, चाकू, बाटलीभर पाणी आणि पांढरे फडके पिशवीत टाकून दुकानात जावे. लाजायचे कारण नाही. पैसे आपले आहेत.

एक, लिंबाची परीक्षा. सिंकच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला घासलेल्या दगडावर चार थेंब लिंबू पिळावे, दहा-पंधरा मिनिटांनी पुसावे. जागा निस्तेज झाली, हाताला खरखरीत लागली, तर तो चुनखडीच्या जातीचा. ग्रॅनाइट किंवा पाषाण जसाच्या तसा राहतो. दुकानदार नको म्हणाला तर त्याच दगडाचा तुटका तुकडा मागून घ्यावा.

दोन, चाकूची परीक्षा. त्याच तुकड्यावर चाकूचे टोक जोर देऊन ओढावे. चुनखडीवर ओरखडा उठतो. कठीण ग्रॅनाइटवर उलट चाकूचीच करडी रेघ उमटते आणि ती बोटाने पुसली जाते.

तीन, पाण्याची परीक्षा. कोरड्या दगडावर पाण्याचे मोठे थेंब टाकून पंधरा मिनिटे थांबावे. पुसल्यावर तेथे गडद ओला डाग राहिला तर दगड पाणी पितो. जो पाणी पितो तो तेल आणि हळदही पितो.

चार, रंगाची परीक्षा. कमी प्रतीचा दगड रंग आणि तेल लावून काळाभोर केलेला असतो. पांढरे फडके थिनरमध्ये किंवा नखांचे पॉलिश काढण्याच्या पाण्यात बुडवून दगडावर घासावे. फडके काळे झाले तर समजावे की पैसे रंगाचे मागताहेत.

पाच, आवाजाची परीक्षा. बोटाच्या हाडाने किंवा नाण्याने सिंक सगळीकडून वाजवून पाहावे. चांगला दगड खणखणीत बोलतो. एखाद्या ठिकाणी आवाज बसका आला तर तेथे आत चीर असू शकते. ओल्या फडक्याने पुसल्यावर चीर अधिक स्पष्ट दिसते, कारण सगळा दगड वाळला तरी चिरेतले पाणी रेघेसारखे मागे राहते.

अखंड की जोडलेले?

दगडी सिंक दोन प्रकारचे. एक अखंड दगड कोरून केलेले, दुसरे पाट्या जोडून केलेले. जोडलेले स्वस्त पडते, पण त्याचे आयुष्य दगडावर नसून सांध्यावर असते. सांधा पांढऱ्या सिमेंटचा असेल तर तो लवकर सुटतो. चांगल्या चिकटद्रव्याचा असेल आणि बाहेरून पट्टीचा आधार असेल तर बराच टिकतो. अखंड सिंक महाग आणि जड, पण गळायला त्याला जागाच नाही.

कोणतेही घ्या, आतले कोपरे गोलसर असावेत. काटकोनी कोपऱ्यात चोथा पोहोचत नाही आणि शेवळासारखा बुळबुळीत थर साचतो. तळाला जाळीकडे उतार असावा, फुटाला साधारण पाव इंच. उतार आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. तांब्याभर पाणी ओतून ते सगळे जाते की कोपऱ्यात थांबते ते पाहावे. आणि बसवण्यापूर्वी भोकाला बूच मारून सिंक काठोकाठ भरावे, एक रात्र तसेच ठेवावे. सकाळी बाहेरच्या बाजूने हात फिरवावा. हे आम्ही केले असते तर आमची ज्वारी वाचली असती.

वजन विसरू नका

दोन फूट लांब, दीड फूट रुंद, नऊ इंच खोल आणि एक इंच जाडीचे अखंड ग्रॅनाइटचे सिंक सुमारे पंचेचाळीस किलो भरते. काठोकाठ भरले तर त्यात सुमारे पंचेचाळीस लिटर पाणी मावते. त्यात भांडी धरली तर भार शंभर किलोच्या घरात जातो. त्याच मापाचे स्टीलचे सिंक पाच-सहा किलोचे. म्हणून स्टीलचे सिंक ओट्याच्या पाटीला लटकावले तसे दगडी सिंक लटकावणे धोक्याचे आहे.

दगडाचे वजन म्हणजे काय हे लातूरकरांना कोणी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात जवळपास दहा हजार माणसे गेली. मारले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि त्यांवरच्या माळवदाच्या जड छपरांनी. त्या भिंतींत दगडाला दगड बांधणारे फारसे काही नव्हते. आजही त्या भागातल्या अनेक घरांत डोक्यावर दगड नको असे म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. सिंकचा दगड कमरेच्या खाली असतो, पण तोही पडला तर लेकराचा पाय वाचत नाही.

तेव्हा सिंकच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून उचललेल्या विटांच्या भिंती असाव्यात, निदान साडेचार इंचाच्या. सिंक या भिंतींवर सिमेंटच्या गादीवर बसावे, नुसते डिंकासारख्या सिलिकॉनने चिकटवू नये. खालची पुढची बाजू मात्र उघडी ठेवावी. पाइप कधी तरी तुंबणार, तेव्हा हात घालायला जागा हवी.

उंची तिची, गवंड्याची नाही

गवंडी सगळ्या घरांना एकच उंची लावतो. घरची बाई मात्र कोठे पावणेपाच फूट, कोठे साडेपाच फूट. सोपी रीत सांगतो. जी रोज काम करणार तिने सरळ उभे राहून कोपर वाकवावे. कोपरापासून तीन-चार इंच खाली सिंकची कड यावी. पाच फूट उंचीच्या बाईला ती साधारण तेहतीस-चौतीस इंचांवर येते. खोली आठ-नऊ इंच पुरे. फार खोल सिंकमध्ये तळाचे भांडे घासायला कंबर वाकते, म्हणजे उकिडवे बसणे सोडून पुन्हा वाकणे आलेच. लांबी-रुंदी ठरवताना घरातले सर्वांत मोठे पातेले आणि परात सोबत न्यावी. ती आडवी मावली पाहिजे. शेजारी भांडी निथळायला दोन फुटांची उताराची जागा ठेवावी, आणि खाली बादली ठेवायचीही सोय असावी. कारण आपल्याकडे नळाला रोज पाणी असतेच असे नाही.

पाण्याचा हिशेब

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने १२ एप्रिलला पाच लाख लिटर पाणी पोहोचवले. ज्या शहराने हे दिवस पाहिले तेथे नळ सोडून भांडी घासणे शोभत नाही. मोठ्या सिंकमध्ये एक टब घासलेल्या भांड्यांसाठी, एक विसळण्यासाठी ठेवला की पाणी पुष्कळ वाचते. जागा असेल तर दोन कप्प्यांचे सिंक घ्यावे.

बोअरचे पाणी जड असते. काळ्या दगडावर ते वाळले की क्षाराचे पांढरे पट्टे उठतात. उपाय फार सोपा आहे. रात्रीची शेवटची भांडी झाली की सिंक कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. ज्यांच्याकडे बोअरचेच पाणी आहे आणि पुसायला वेळ नाही, त्यांनी काळ्याऐवजी राखाडी ठिपक्यांचा ग्रॅनाइट घ्यावा. क्षार साचतोच, पण डोळ्यांना कमी दिसतो.

सिंकमधून गेलेले पाणी कोठे जाते?

हा प्रश्न बहुतेक घरे विचारत नाहीत आणि मग गल्लीत भांडणे होतात. नळ घरात आला, सिंक आले, पण पुढे गटार नाही. खरकटे पाणी शेजाऱ्याच्या दारात.

भिक्खूंच्या विनयात पात्र धुण्याचेही नियम आहेत. भाताची शिते असलेले पात्राचे पाणी वस्तीत घरांमध्ये फेकू नये. पात्र ओले तसेच ठेवून देऊ नये. भांडी घासणे हे हलके काम मानले असते तर संघाच्या नियमांत त्याला जागा मिळाली नसती. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आपल्या वसाहतीला आजही जसाच्या तसा लागू आहे.

शिते, भाजीचे देठ, चहाचा चोथा आधी वेगळा काढावा. जाळीवर बारीक छिद्रांची दुसरी जाळी ठेवावी. सिंकखाली ट्रॅप म्हणजे पाणी धरून ठेवणारा वाकलेला भाग अवश्य बसवावा. त्यातले पाणी गटारीचा वास आणि झुरळे अडवते. गटार नसेल तर शोषखड्डा घ्यावा. यासाठी दूर जायला नको. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन सांडपाण्याची डबकी आणि त्यांबरोबर डास हटवले, आणि 'नांदेड पॅटर्न' म्हणून ते काम राज्यात गाजले. खड्डा घेताना पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासून तो दूर ठेवावा.

निगा

रोजच्या घासण्याला साधा साबण आणि मऊ चोथा पुरतो. राख आणि वाळू ग्रॅनाइटला फारसे करत नाही, कडप्प्याची चमक मात्र घालवते. हळदीचा डाग पडला तर खाण्याच्या सोड्याचा लगदा लावून अर्ध्या तासाने धुवावा. संडास-न्हाणीचे अ‍ॅसिड सिंकमध्ये कधीही ओतू नये. कडप्पा आणि शहाबादीला ते खाते, सांध्यांचे सिमेंट खाते, जाळीला गंज आणते आणि नाका-डोळ्यांनाही घातक आहे. दगड पाणी पिऊ लागला असे वाटले तर दुकानात मिळणारे दगडाचे सीलर लावावे. त्याऐवजी गोडे तेल चोळण्याची पद्धत आहे, पण तेलावर धूळ बसते आणि चिकटा होतो. जर्मनच्या पातेल्यांचे करडे ओरखडे दगडावर उठतात, ते सोड्याने जातात. काचेचे पेले आणि कपबशा दगडावर आपटल्या की फुटतातच. तळाला रबराची जाळीदार चटई टाकावी.

ज्याने दगड कोरला तो

दगडाची चर्चा करताना दगड फोडणारे हात विसरणे आपल्याला शोभणार नाही. आपल्या मुलखातला दगड पिढ्यान्पिढ्या वडार, बेलदार, पाथरवट यांनी फोडला आणि घडवला. आज यंत्रे आली, पण धूळ आली. ग्रॅनाइट कोरडा कापला की त्यातली गारेची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते. त्यातून सिलिकोसिस हा रोग होतो आणि तो बरा होत नाही. पाणी सोडत दगड कापला तर धूळ पुष्कळ कमी उडते. तेव्हा आपल्या घरी नळाचे किंवा जाळीचे भोक पाडायला कारागीर आला तर त्याला पाण्याची धार धरायला माणूस द्यावा, तोंडाला मुसके बांधायला सांगावे आणि लेकरांना बाहेर काढावे. आपल्यापैकी कितीतरी घरांतली माणसे बांधकामावर आहेत. वर्षात नव्वद दिवस काम केलेल्या अठरा ते साठ वयाच्या कामगाराला बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करता येते. ती झाली नसेल तर करून घ्यावी. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात केंद्रात मजूर खात्याचे मंत्री होते. त्यांच्या लेकरांनी कामगाराचा घाम पाहून भाव पाडू नये.

पैसा आणि पावती

दगडी सिंक घेतलेच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. भाड्याचे घर असेल, भिंती कच्च्या असतील, कर्ज आधीच डोक्यावर असेल, तर चांगल्या जाडीचे स्टीलचे सिंक उत्तम. हलके आहे, घर बदलताना सोबत नेता येते. भिक्खूंना सोन्या-चांदीची पात्रे वर्ज्य होती, लोखंडाचे आणि मातीचे पात्र चालत असे. पात्राची किंमत त्याच्या चमकेवर नसते हे आपल्याला नव्याने शिकायला नको. गृहप्रवेशाला आलेल्या पाहुण्यांनी सिंक पाहून वाहवा करावी म्हणून सावकाराच्या दारात जाणे हा शहाणपणा नाही.

पण घर पक्के आहे, पैसे जमवलेले आहेत आणि एकदाच घेऊन आयुष्यभर वापरायचे आहे, तर ग्रॅनाइट किंवा घट्ट पाषाणाचे अखंड सिंक घ्यावे. घासाघीस करताना वाहतूक, चढवणे-उतरवणे आणि भोक पाडणे यांचे पैसे किमतीत आहेत की वेगळे, हे आधी विचारावे. पक्की पावती घ्यावी आणि तिच्यावर दगडाचे नाव, माप, आणि अखंड की जोडलेले हे लिहून घ्यावे. फसगत झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. आमच्या पावतीवर नुसते 'काळे सिंक १ नग' असे लिहिले होते. त्या कागदाच्या जोरावर आम्ही कोणाशी भांडणार होतो?

दुसऱ्या वेळी आम्ही आईला सोबत नेले. तिने अर्धे आयुष्य दुसऱ्यांच्या परसात भांडी घासली आहेत. तिने लिंबू पिळले, नाण्याने दगड वाजवला, सिंकपुढे उभी राहून हात कोपरात वाकवून पाहिले. दुकानातला पोऱ्या हसला, पण ती हसली नाही. राखाडी, बिनचमकेचे एक सिंक तिने पसंत केले. चमकणाऱ्या काळ्याकडे तिने पाहिलेही नाही.

सिंक बसले त्या दिवशी घरी परित्राण पाठ ठेवला होता. भोजनदानानंतर पन्नास-साठ ताटे पडली. आई सवयीने पदर खोचून निघाली, तर तिचा नातू आधीच सिंकपुढे उभा होता. उकिडवे बसून घासायची मोरी होती तोवर घरातल्या एकाही पुरुषाने तिकडे पाऊल टाकले नव्हते. आता उंची उभ्याची झाली आहे. तेव्हा पुरुषांना सबब राहिलेली नाही. घरोघरच्या भगिनींनी ही गोष्टही सिंकच्या मापाबरोबरच ठरवून घ्यावी.

जयभीम.